डी ड्राइव्ह कुठे गेला?

2009 च्या जानेवारीत सीगेट कंपनीच्या बॅराकुडा 7200.11 या हार्ड डिस्कच्या ग्राहकांकडून एकसारख्या तक्रारी येऊ लागल्या. रात्री कॉम्प्युटर नीट बंद केला होता, सकाळी चालू केला तर डिस्कच दिसत नाही. विंडोज सुरू होणे दूरच राहिले, त्याच्याही आधी येणाऱ्या बायोसच्या यादीतून डिस्कचे नाव गायब. आदल्या दिवशी कसली कुरकुर नव्हती, आवाज नव्हता. थोड्याच दिवसांत कंपनीने मान्य केले की डिसेंबर 2008 पर्यंत तयार झालेल्या काही डिस्कच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या अंगातच भरलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दोष आहे. त्या दोषामुळे वीज बंद होऊन पुन्हा चालू झाली की डिस्क अडकून बसू शकत होती.

डेटा मात्र तबकड्यांवर जसाच्या तसा होता. कंपनीने या डिस्कमधला डेटा विनामूल्य काढून देण्याची तयारी दाखवली. काही हुन्नरी मंडळींनी तर डिस्कच्या मागच्या सिरियल पिनांना वायर जोडून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून थेट फर्मवेअरला आज्ञा देऊन अडकलेल्या डिस्क जाग्या केल्या. इकडे कंपनीने घाईने काढलेल्या पहिल्या दुरुस्त फर्मवेअरने 500 जीबीच्या काही चांगल्या चालणाऱ्या डिस्कच बंद पाडल्या आणि ते फर्मवेअर मागे घ्यावे लागले. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

रीस्टार्टनंतर डिस्क किंवा व्हॉल्यूम दिसेनासे होणे हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्यातले बहुतेक सगळे या एका प्रकरणात आले आहे. जे दिसत नाही ते पुष्कळदा शाबूत असते. बिघाड आज झालेला नसतो, तो आज उघडकीला येतो. आणि कायमचे नुकसान बरेचदा मूळ बिघाडाने होत नाही, ते घाबरून केलेल्या दुरुस्तीने होते.

रीस्टार्टच्याच वेळी हे का घडते, याचे उत्तर साधे आहे. चालू असलेला कॉम्प्युटर अनेक गोष्टी मेमरीत धरून असतो. कोणती डिस्क कुठे जोडली आहे, कोणते व्हॉल्यूम कोणत्या फोल्डरवर चढवले आहे, रेडमधल्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून केलेल्या गटातल्या, डिस्कचा क्रम काय, हे सगळे त्याला त्या घडीला पाठ असते. वीज गेली की ही पाठ केलेली माहिती जाते आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटरला लिहून ठेवलेल्या नोंदींवरून सगळे पुन्हा उभे करावे लागते. कोणी दीड वर्षापूर्वी हाताने एखादी डिस्क जोडली आणि नोंद करायची राहिली, तर दीड वर्ष काही बिघडत नाही. मदरबोर्डवरची तीन व्होल्टची सीआर2032 बटण-बॅटरी संपली, तर मेन स्विच चालू आहे तोवर कळतही नाही. ज्या दिवशी लाइट जाते आणि यूपीएसही मान टाकतो, त्या दिवशी बायोसच्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात. काही मशीनवर त्यात डिस्क-कंट्रोलरचा मोड एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट जातो आणि ठणठणीत डिस्कवरचे विंडोज सुरू होईनासे होते. अपडेटचेही तसेच. ते आठवडाभर आधी उतरलेले असते, पण त्याचा परिणाम रीस्टार्ट झाल्यावरच दिसतो.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा : दिसत नाही म्हणजे नेमके कुठे दिसत नाही? डिस्कपासून फाइलपर्यंत पाच थर असतात. सर्वांत खाली प्रत्यक्ष डिस्क आणि तिची केबल. तिच्यावर पार्टिशनची नोंद. त्यावर, असेल तर, रेड, एलव्हीएम, स्टोरेज स्पेसेस किंवा बिटलॉकरसारखे आवरण. त्यावर एनटीएफएस, ईएक्सटी4, एपीएफएस अशी फाइल सिस्टिम. आणि सर्वांत वर ड्राइव्हचे अक्षर किंवा माउंट पॉइंट, ज्यावाटे माणूस आणि प्रोग्रॅम आत शिरतात. वरचा थर खालच्याशिवाय उभा राहत नाही. त्यामुळे तपास खालून वर जातो, आणि जिथे साखळी तुटलेली सापडेल तिथेच थांबतो. पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे.

इथे मात्र थरांची ओळख वरून खाली करून घेऊ. सर्वांत वरचा थर सर्वांत जास्त घाबरवतो आणि सर्वांत स्वस्तात सुटतो. व्यापाऱ्याच्या दुकानातला नेहमीचा प्रसंग घ्यावा. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर आहे. सुट्टीनंतर कॉम्प्युटर चालू केला, तेव्हा कोणाची तरी बाहेरची डिस्क मागे लावलेली राहिली होती किंवा नवी डिस्क बसवली होती. विंडोजने अक्षरे वाटली आणि जुना डी आता ई झाला. टॅली मात्र जुन्याच वाटेवर कंपनी शोधतो, आणि अकाउंटंट सांगतो, “साहेब, सगळा डेटा उडाला.” उडालेले काही नसते. ही अक्षरे डिस्कवर कोरलेली नसतात, ती विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘माउंटेड डिव्हायसेस’ या नोंदीत असतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून योग्य व्हॉल्यूमला पुन्हा डी हे अक्षर दिले की हिशेब परत जागेवर येतात. नेटवर्क ड्राइव्हची गत यापेक्षाही सोपी. लॉगिन होईपर्यंत वाय-फाय जोडले गेलेले नसते, म्हणून त्या ड्राइव्हवर तांबडी फुली येते. मिनिटाभराने त्यावर क्लिक केले की तो बरेचदा उघडतो.

लिनक्समध्ये हाच गोंधळ वेगळ्या नावाने भेटतो. तिथे डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात, ती ज्या क्रमाने कर्नलला सापडतील त्या क्रमाने. आज जी एसडीबी आहे ती उद्या एसडीसी होऊ शकते. एफएसटॅब या फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना काय कुठे चढवायचे त्याच्या यादीत, कोणी एसडीबी1 असे लिहून ठेवले असेल तर एखाद्या रीबूटला ती ओळ भलत्याच डिस्ककडे बोट दाखवते. यावर तोड म्हणजे यूयूआयडी. हा 32 षोडशमान अंकांचा, पाच गटांत लिहिला जाणारा ओळख क्रमांक फाइल सिस्टिम तयार होतानाच तिच्या आत लिहिला जातो आणि केबल कुठेही लावली तरी बदलत नाही. त्यालाही एक अपवाद आहे. डिस्कची हुबेहूब प्रत काढली की क्रमांकाचीही प्रत होते. मग मूळ आणि प्रत एकाच मशीनला जोडल्यावर एक्सएफएस फाइल सिस्टिम दुसरीला चढवायला साफ नकार देते, आणि विंडोज सिग्नेचर जुळल्याची तक्रार करून एक डिस्क ऑफलाइन ठेवते. बॅकअप म्हणून काढलेली प्रतच अशा वेळी कोड्यात टाकते.

एफएसटॅबमधल्या एका ओळीने अख्खा सर्व्हर कसा अडतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. यूएसबीची बॅकअप डिस्क त्या यादीत आहे, पण कोणी ती काढून घरी नेली. सर्व्हर रीबूट होतो. पडद्यावर तांबड्या ताऱ्यांची ओळ डावीकडून उजवीकडे आणि परत अशी हेलकावे खाते, शेजारी सेकंद मोजले जातात आणि मर्यादा दाखवलेली असते दीड मिनिटाची. सिस्टमडी हा प्रोग्रॅम त्या डिस्कची वाट पाहत असतो. 90 सेकंद संपतात, डिस्क येत नाही, आणि यंत्रणा इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसते. पडद्यासमोर बसलेल्याला निदान कारण तरी दिसते. दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर मात्र नुसता ‘गेलेला’ वाटतो, कारण बाहेरून लॉगिन करण्याची सेवा सुरूच झालेली नसते. त्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द असता तर डिस्कविना सर्व्हर वर आला असता.

याच्या उलटा प्रकार जास्त घातक, कारण त्यात काहीच अडत नाही. डेटाबेससाठी नवी डिस्क आणली, फॉरमॅट केली, हाताने माउंट केली आणि एफएसटॅबमध्ये नोंद करायची राहिली. कर्नलच्या अपडेटनंतर रीबूट होतो. माउंट पॉइंट हे मुळात एक साधे रिकामे फोल्डर असते, आणि आता डिस्क चढलेली नसल्याने ते रिकामेच दिसते. डॉकरमध्ये चालणारा पोस्टग्रेस डेटाबेस रिकामे फोल्डर पाहून असे समजतो की आपली नव्याने स्थापना होते आहे, आणि कोरा डेटाबेस बांधून कामाला लागतो. वेबसाइट सुरू होते, पण तिच्यात एकही ग्राहक नसतो. दुपारपर्यंत नव्या नोंदी मुख्य डिस्कवर जमत राहतात. मग कोणाच्या तरी लक्षात येते, डिस्क माउंट होते, जुने सगळे परत दिसते, आणि सकाळपासूनच्या नोंदी त्या माउंटखाली झाकल्या जातात. त्या पुसलेल्या नसतात. डिस्क उतरवली की पुन्हा दिसतात. हे ठाऊक नसलेला माणूस त्यांचा नाद सोडून देतो. रिकाम्या माउंट पॉइंटवर आधीच ‘चॅटर’ आज्ञेने अपरिवर्तनीयतेचा शिक्का मारून ठेवला, तर डिस्क नसताना तिथे काहीच लिहिले जात नाही आणि चूक पहिल्या मिनिटाला ओरडून सांगते.

मधल्या आवरणांच्या थरात नावांचा घोळ आणि किल्ल्यांचा घोळ असे दोन्ही असतात. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये कॉन्फिगरेशन फाइल बदलली, पण सुरुवातीच्या छोट्या इमेजमध्ये, म्हणजे इनिट-रॅम-एफएसमध्ये, ती नव्याने भरली नाही, तर एमडी0 नावाचा ॲरे रीबूटनंतर एमडी127 म्हणून उगवतो. ॲरे धडधाकट असतो, जुन्या नावावर विसंबलेले सगळे कोसळते. बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची गोष्ट निराळी. बायोस बदलला किंवा अपडेटने सुरुवातीची साखळी हलवली की तो 48 अंकी रिकव्हरी की मागतो. जुलै 2024 च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर काही कॉम्प्युटर थेट याच पडद्यावर उघडू लागले आणि मायक्रोसॉफ्टने ती अडचण मान्य केली. त्याच महिन्यात, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशीन कोलमडली. त्यांतल्या बिटलॉकर लावलेल्या मशीनपुढे बसून कर्मचाऱ्यांना एकेक करून ते 48 अंक भरावे लागले. ज्यांच्याकडे किल्ली नव्हती त्यांच्या डिस्कमध्ये कसलाच बिघाड नव्हता, तरीही डेटा गेल्यातच जमा होता.

पार्टिशनची नोंद हा थर आकाराने सर्वांत लहान. जुन्या एमबीआर पद्धतीत ती डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये बसते. चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइट, म्हणजे अवघे 64 बाइट. ते बिघडले की एक टेराबाइटची भरलेली डिस्क कोरी भासते. सातबारा गहाळ झाला म्हणून शेत कुठे जात नाही, तसेच हे. टेस्टडिस्कसारखा प्रोग्रॅम डिस्कभर फिरून जुन्या फाइल सिस्टिमच्या खुणांवरून हद्दी पुन्हा आखून देतो. नव्या जीपीटी पद्धतीत नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, त्यामुळे काम आणखी सोपे होते. कधीकधी तर नोंद बिघडलेलीही नसते. बाहेरच्या डिस्कची पेटी फुटली म्हणून आतली डिस्क काढून थेट मदरबोर्डला लावली की ती कोरी दिसू शकते. काही पेट्यांमधले सर्किट 4096 बाइटचे सेक्टर दाखवत असते आणि डिस्क स्वतः 512 बाइटचे दाखवते, त्यामुळे नोंदीतला प्रत्येक आकडा आठपट चुकतो. तशीच दुसरी पेटी आणली की फोटो परत दिसू लागतात.

तळाच्या थराकडे आल्यावर भाषा बदलावी लागते. बायोसमध्ये डिस्क नाही, केबल आणि पोर्ट बदलूनही नाही, तर बिघाड यंत्राचा आहे. इथे सीगेटचे प्रकरण एकटे नाही. क्रुशियलच्या एम4 या एसएसडीमध्ये 5,184 तास वापर झाल्यावर डिस्क अचानक प्रतिसाद देणे थांबवायची. रीस्टार्ट केले की परत यायची आणि साधारण तासाभराने पुन्हा गप्प व्हायची. जानेवारी 2012 मध्ये फर्मवेअर बदलून ती दुरुस्त झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल याहून गंभीर सूचना काढली : 32,768 तास भरले की, म्हणजे 3 वर्षे, 270 दिवस आणि 8 तासांनी, डिस्क बंद पडेल आणि मग डिस्कही परत येणार नाही, डेटाही नाही. 32,768 म्हणजे दोनाचा पंधरावा घात. कॉम्प्युटरचा 16 बिटांचा, अधिक-उणे चिन्ह धरून चालणारा मोजणी-आकडा याच ठिकाणी ओसंडतो. पुढच्या मार्चमध्ये आणखी काही मॉडेलांसाठी 40,000 तासांची तशीच सूचना आली. रेडच्या भरवशावर निर्धास्त असणाऱ्यांनी यातली मेख लक्षात घ्यावी. एकाच दिवशी विकत घेऊन एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्कचे तासही एकाच वेळी भरतात. मग एक डिस्क गेली तरी दुसरी सांभाळून घेईल, हे रेडचे गणितच कोसळते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य या क्षेत्रात उगाच घोकले जात नाही.

क्लाउडवर गेल्याने हा विषय सुटतो, असेही नाही. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून 2016 मध्ये सुरू झाले आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग 2015 पासून पुण्यात आहे, तेव्हा मराठी मुलखातल्या पुष्कळ कंपन्यांचा डेटा आता तिथे असतो. अझ्युरच्या अनेक विंडोज मशीनवर डी ड्राइव्ह तयारच मिळतो. तो मोठा आणि वेगवान असतो, आणि तात्पुरता असतो. मशीन थांबवून सोडून दिले की त्यातले सगळे जाते. मायक्रोसॉफ्टने त्याच ड्राइव्हवर इशाऱ्याची फाइल ठेवलेली असते, आणि तिच्या नावातच ‘डेटा लॉस वॉर्निंग’ असे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ॲमेझॉनच्या इन्स्टन्स स्टोअर या तशाच तात्पुरत्या डिस्कचा नियम आणखी फसवा : रीबूट केले तर डेटा टिकतो, स्टॉप करून स्टार्ट केले तर जातो. घरच्या कॉम्प्युटरवर वाढलेल्या माणसाला या दोन गोष्टी एकच वाटतात. इथे ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक उरत नाही.

आता घाईच्या दुरुस्त्यांविषयी. विंडोजला एखाद्या व्हॉल्यूमची फाइल सिस्टिम ओळखता आली नाही की तो अगदी अदबीने विचारतो : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणे असतात आणि ‘फॉरमॅट डिस्क’ हे आधी येते. डिस्क मॅनेजमेंट उघडताच ‘इनिशियलाइज’ची खिडकी पुढे येते, तिच्यात ओके हे बटण तयारच असते. रोज शंभर खिडक्यांना ओके म्हणणारा हात तिथेही ओके म्हणतो. इनिशियलाइजने नवी पार्टिशन-नोंद लिहिली जाते, ते एक वेळ निस्तरता येते. क्विक फॉरमॅटही जुन्या हार्ड डिस्कवर पुष्कळसे निस्तरता येते. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्ये लिहितो. एसएसडीवर तर क्विक फॉरमॅटसोबत ट्रिमची आज्ञा जाते आणि डिस्क आपणहून जुन्या जागा मोकळ्या करून टाकते. त्यापुढे रिकव्हरीवाल्याच्या हातीही फारसे काही उरत नाही.

चेकडिस्क आणि तत्सम हत्यारेही निरुपद्रवी नाहीत. ती दुरुस्ती म्हणून डिस्कवर लिहितात, आणि डिस्कच आजारी असेल तर त्या लिहिण्यानेच ती आडवी होते. लिनक्सवर रेड जुळत नाही म्हणून एमडीॲडम या रेड जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला ‘असेंबल’ऐवजी ‘क्रिएट’ची आज्ञा देणे हा तसलाच प्रकार. डिस्कचा क्रम, मेटाडेटाची आवृत्ती किंवा डेटा कुठून सुरू होतो तो आकडा, यांतले एक चुकले तरी जुना ॲरे परत येत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या भागात फक्त वाचणाऱ्या आज्ञा दिल्या आहेत, लिहिणाऱ्या आज्ञा दुसऱ्या भागात येतात. त्या दोहोंच्या मध्ये डीडी-रेस्क्यूने डिस्कची प्रत काढण्याची पायरी आहे. ती वगळून पुढे जाऊ नये.

काही गोष्टी येथे मुद्दाम घेतलेल्या नाहीत. डिस्क उघडणे, हेड बदलणे, जळालेला बोर्ड बदलणे ही धूळमुक्त खोलीतली आणि प्रशिक्षित हातांची कामे आहेत. डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर वाचकाने पान उलटण्याआधी वीज बंद करावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा तालुक्याच्या गावी, चांगला रिकव्हरीवाला आधी एकच चौकशी करतो : “तुम्ही काय काय करून बघितलंत?” त्याला खरे उत्तर द्यावे. केलेली खटपट लपवली तर त्याचा तपास चुकीच्या थरापासून सुरू होतो.

हे पुस्तक ज्याच्या हाती आज, अडचण नसताना पडले आहे, त्याला थोडे काम. डिस्कचे मॉडेल आणि सिरियल नंबर, कोणत्या व्हॉल्यूमला कोणते अक्षर किंवा यूयूआयडी, रेड असेल तर डिस्कचा क्रम, बिटलॉकरची 48 अंकी किल्ली, हे सगळे एका कागदावर उतरवून घ्यावे. बायोसमधल्या स्टोरेजच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. कागद त्या कॉम्प्युटरपासून लांब, कपाटात ठेवावा. बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडते का ते तपासावे. आणि मग सोयीचा दिवस पाहून, सोमवारची सकाळ आणि जीएसटीची शेवटची तारीख टाळून, मशीन आपण होऊन रीस्टार्ट करावे.